अकराच्या आधी

विमला मेस्त्रीशी माझं पहिलं भांडण एका खुर्चीवरून झालं आणि शेवटचं एका फॉर्मवरून. दोन्ही वेळा ती बरोबर होती. हे कबूल करायला तेव्हा मला जड गेलं, कारण मी तिची वरिष्ठ होते, माझ्याकडे पदवी होती आणि तिच्याकडे दहावी नापासचं मार्कशीट.

आमची संस्था अंधेरीत आहे. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, कुणी जन्मापासून अपंग आहे, त्या घरी आमची बाई रोज काही तास जाते. उठवणं, अंघोळ, जेवण, व्यायाम सगळं करते, आणि घरच्या माणसाला तेवढा वेळ कामधंद्यासाठी मोकळा मिळतो. मी नीलम, तिथली थेरपिस्ट. म्हणजे एकेकाळची. गेली बारा वर्षं मी माणसांपेक्षा कागदांनाच जास्त हात लावलेत.

विमला दिंडोशीच्या वसाहतीत राहते. वडील कुडाळकडचे, परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली, खोली गेली आणि सगळं कुटुंब इकडे उपनगरात येऊन पडलं. लग्नानंतर सासू नऊ वर्षं अंथरुणात होती. "तीच माझं कॉलेज," विमला म्हणायची. "रोज परीक्षा, रिझल्ट कधीच नाय." आता ती सत्तेचाळीसची आहे, अंगाने बारीक, आवाजाने दणदणीत. घरात शिरली की आधी बांगड्या काढून पिशवीत टाकायची, दोन्ही तळहात चोळून गरम करायची, आणि मगच माणसाला हात लावायची. तोही सांगून. "उजवा हात घेते हां. आता कुशीवर वळवते हां." सांगितल्याशिवाय तिने कधी कुणाचं बोटसुद्धा उचललं नाही. एवढं कशाला बोलत बसतेस, असं मी एकदा विचारलं होतं. "तुम्हाला कोणी न सांगता उचललं तर चालेल काय, मॅडम?" असं म्हणून ती पुढच्या कामाला लागली.

खुर्चीचं भांडण वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या नंदूवरून झालं. नंदू चौतीस वर्षांचा. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय ताठ, मान मागे ओढलेली, बोलणं अडखळत. डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. गल्लीतून जाणाऱ्या पावलांच्या आवाजावरून कोण चाललंय ते अचूक सांगतो. मी त्याच्यासाठी मोठी चाकाची खुर्ची मागवली. ती कोळीवाड्याच्या गल्लीत शिरेना आणि शिरली असती तरी दारातून आत गेली नसती. विमलाने एका प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय कापले, मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यातून मानेच्या मापाचा तुकडा कोरला आणि नंदूला तिच्यात बसवलं. हे कसलं भंगार म्हणून मी तिला ऑफिसात सगळ्यांसमोर झापलं. त्या भंगारात नंदू चार वर्षं बसतोय. माझी खुर्ची आमच्या जिन्याखाली आहे, तिच्यावर जुन्या फायली ठेवतात.

नंदूची आई कृष्णाबाई. नवरा बोटीवरच वारला, दुसरं मूल नाही. पहाटे साडेपाचला ती बंदरावर लिलावाला जाते, तिथूनच पाटी घेऊन बाजारात बसते, दुपारी परतते. विमला सकाळी आठ ते बारा. या चार तासांवर त्या घराचा सगळा डोलारा उभा होता. विमला आली नाही तर कृष्णाबाई बाजारात बसू शकत नव्हती, आणि ती बसली नाही तर चूल पेटत नव्हती.

आणि त्या चार तासांवरच गदा आली.

आमच्या देणगीदारांनी नवा नियम काढला. ज्याला जास्त गरज त्याला जास्त तास. ऐकायला किती छान! गरज मोजायची म्हणून फॉर्म हवा, आणि तो तयार केला मी. वीस प्रश्न, हो किंवा नाही. स्वतः पाणी पितो का? आधाराने बसतो का? हातात वस्तू धरतो का? जितके 'हो' जास्त, तितके तास कमी. आठवड्यात चौदा घरं उरकायची होती. ऑफिस दहाला उघडायचं, चहा व्हायचा, मग रिक्षा. सोमवारी नंदूकडे पोचले तेव्हा अकरा वाजले होते.

पाहुणी येणार म्हणून कृष्णाबाई बाजार सोडून घरी थांबली होती. जरीकाठाचं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर. घर लख्ख. नंदू इस्त्रीच्या शर्टात, भांग पाडून, पावडर लावून खुर्चीत बसलेला. बघायला आलेल्या मंडळींसमोर मुलीला बसवावं तसा. त्याच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला होता. मी तिकडे बघितलं तर नंदूने दोन्ही हात पुढे केले. त्या कपाच्या कानाला कृष्णाबाईने जाळ्याची दोरी गुंडाळून दिली होती, पकड बसावी म्हणून. नंदूने कप धरला, थरथरत ओठाला लावला आणि चहा प्यायला. एक थेंब सांडला नाही. कृष्णाबाईचा चेहरा असा फुलला की मलाही भरून आलं.

"सगला करतंय माजा पोऱ्या," ती म्हणाली. "आमाला कायपन तरास नाय."

विमला कोपऱ्यात उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली, तर कृष्णाबाईने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. मी खुशीत 'हो' वर खुणा करत सुटले. मंगळवारी पत्र गेलं. येत्या एक तारखेपासून नंदूसाठी रोजचे चार तास बंद, त्याऐवजी आठवड्यातून एक तास. हरकत असल्यास शुक्रवारच्या समितीच्या बैठकीआधी कळवावी.

बुधवारी विमला ऑफिसात आली. मला वाटलं आरडाओरडा करेल. तिने खुर्ची ओढली आणि न विचारता बसली.

"मॅडम, तुम्ही सोमवारी किती वाजता गेलात?"

"अकराला. का?"

"मी किती वाजता जाते?"

"आठला. विमला, मुद्द्यावर ये."

"हाच मुद्दा. तुम्ही नंदूला बघितलाच नाय. तीन तासांचं माझं काम बघून आलात आणि मार्क त्याला दिलेत. तो कप धरायला शिकवायला मला तीन वर्षं लागली. आणि धरतो म्हणून तुम्ही मलाच बंद करता?"

मला राग आला. खरा राग आला, कारण तिचं म्हणणं पटकन खोडता येईना. "मग त्याच्या आईने खरं का नाही सांगितलं? मी काय मनातलं ओळखणार?"

"मॅडम, घरी माणूस आलं तर तुम्ही काय न्हाणीघर दाखवता? मी तिला काल किती समजावलं. मला म्हणते, परक्या बाईसमोर माजे पोराला ओल्यात दाखवू? मेली तरी दाखवणार नाय ती." विमला कृष्णाबाईची नक्कल करत होती, पण हसत नव्हती. "तिची जाऊ मागे लागलीय, कर्जतच्या पुढे कुठल्या आश्रमात टाक म्हणून. काल पहिल्यांदा ती त्याला 'नाय' बोलली नाय. गप्प बसली. नंदूने ऐकलं सगळं. तो जेवला नाय."

"मग मी काय करू?"

"उद्या आठच्या आधी या. मी दाराशी असेन, पण हात लावणार नाय. कृष्णाबाई नसेल तेव्हा."

"तिला न विचारता तिच्या घरात शिरू?"

"घर नंदूचं पण आहे. त्याला विचारलंय मी. तो म्हणाला, बघू दे."

गुरुवारी पावणेआठला मी कोळीवाड्याच्या तोंडाशी उतरले. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मधून विमला पुढे आणि मी मागे. चोरी करायला निघाल्यासारखं मला वाटत होतं. एक म्हातारी जाळं विणता विणता थांबून आमच्याकडे बघत राहिली.

दाराला बाहेरून कडी होती.

मी विमलाकडे बघितलं. "रोज?"

"साडेपाच ते आठ. कुत्रा शिरतो ना. एकदा त्याच्या तोंडाशी आला होता." माझ्या वीस प्रश्नांत या कडीबद्दल एकही प्रश्न नव्हता.

तिने कडी काढली आणि बाहेरूनच म्हणाली, "नंदू, मॅडम आल्यात. तू नको म्हणालास तर अश्शा परत जातो."

आतून थोड्या वेळाने आवाज आला. "दो...घी. या."

विमला उंबऱ्यावर बसली, हात मांडीखाली दाबून. मी आत गेले.

सोमवारचा नंदू तिथे नव्हता. चटईवरच्या गादीवर एक माणूस धनुष्यासारखा मागे वाकून, एका कुशीवर पडला होता. दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या, मान मागे, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. चादर ओली होती. वास होता. खालच्या ओठावर माशी बसली होती आणि तो तिला हाकलू शकत नव्हता. डोळे मात्र माझ्यावर रोखलेले. त्यात लाज होती, आणि लाजेपेक्षा मोठी एक जिद्द होती.

मी फॉर्म काढला. कडक आवाजात विचारलं, "नंदू, पाणी हवंय?"

"हो."

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. शिकाऊ मुलीनेही केली नसती अशी चूक मी केली. फॉर्मवर माझ्याच हाताची खूण होती, स्वतः पाणी पितो: हो. सोमवारी मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी त्याला न सांगता खांद्याला धरून वर ओढलं, पाठीमागे उशी कोंबली आणि पेला ओठाला लावला. माझे हात थंड होते. त्याचं सगळं अंग एकदम ताठलं, मान आणखी मागे गेली आणि पाणी सरळ श्वासनळीत.

खोकला आला नाही. तेच भयंकर होतं. नुसतं तोंड उघडलेलं, डोळे बाहेर आणि आवाज काहीच नाही. ओठ काळसर पडायला लागले. मी तीस वर्षांपूर्वी शिकलेलं सगळं विसरले आणि "विमला!" म्हणून किंचाळले.

ती त्याआधीच आत आली होती. "नंदू, वळवते हां!" त्या घाईतसुद्धा तिने सांगितलं. एका हाताने त्याचे गुडघे पोटाशी दुमडले, त्याला आपल्या मांडीवर पालथा घेतला, डोकं खाली, आणि पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने थापा मारायला लागली. एक. दोन. तीन. काही नाही. चार. मी मनातल्या मनात कुणाकुणाला हाका मारल्या ते आठवत नाही. पाचव्या थापेला पाणी बाहेर आलं, आणि मग तो खोकला. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

आणि त्याच वेळी दारात पाटी आपटल्याचा आवाज झाला. जाळं विणणाऱ्या म्हातारीने बंदरावर निरोप पोचवला होता. दारात कृष्णाबाई उभी होती. ओली चादर, पालथा पडलेला मुलगा, जमिनीवर सांडलेलं पाणी आणि माझ्या हातातला पेला, सगळं तिने एका नजरेत बघितलं.

"माजे पोऱ्याला मारतंस काय गो?" ती माझ्या अंगावर धावून आली. "कुनी सांगितला तुना यायाला? माजे घरान, माजे मागारी?" मग विमलाकडे वळली. "आनि तू! तुना मी भैन म्हनलंय! चल, नीग! दोघी नीगा!"

तिने आपला पदर ओढून नंदूच्या ओल्या अंगावर टाकला. जे झाकायचं ते सगळं झाकलं आणि त्याच्यासमोर आडवी उभी राहिली.  विमलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण नंदूच्या पाठीवरचा हात तिने काढला नव्हता. मी फॉर्म पिशवीत कोंबला. सगळं संपलं होतं. उद्या समिती, आणि या घरात आता आम्हाला पाऊल टाकता येणार नव्हतं. माझ्यामुळे हा माणूस कर्जतच्या पुढे जाणार होता.

"आ...ये."

कृष्णाबाईने वळून बघितलं नाही.

"आये. मी. बो...ला...वलं." प्रत्येक शब्दाला त्याला श्वास गोळा करावा लागत होता. "तू. खो...टं. सां...गतेस. म...ला. जा...यचं नाय."

 बाहेर गल्लीत बायका जमल्या होत्या. कृष्णाबाई हळूहळू खाली बसली. बराच वेळ ती नंदूच्या आवळलेल्या मुठीकडे बघत होती. "खोटा नाय रं," ती शेवटी म्हणाली. "तू बरा दिसतंस तं मना बरा वाटतंय."

मग ती उठली, दाराशी गेली, बायकांना हाकललं आणि पाटी कुणाच्या तरी हवाली केली. परत आली ती विमलाला म्हणाली, "बगतंस काय? काम कर तुजा." आणि माझ्याकडे न बघता, "तुना बसायचा तं बस."

मी बसले. आठ वाजून दहा मिनिटांपासून अकरापर्यंत, जागची न हलता. विमलाने बांगड्या काढल्या, तळहात चोळले. ओलं काढलं, अंग पुसलं. पाणी छातीत गेलं असेल, आज श्वासाकडे लक्ष ठेवायचं, असं तिने कृष्णाबाईला बजावलं. मग कोकमाचं तेल कोमट करून खांद्यापासून सुरुवात. मूठ उघडायला चाळीस मिनिटं. जोर नाही, घाई नाही, नुसतं अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवून वाट बघणं, आणि तोंडाने सारखी बडबड. अमक्याची बोट, तमक्याचं लग्न. पाय सुटायला तेवढाच वेळ. मग अंघोळ, कपडे, ती पाय कापलेली खुर्ची, मानेला थर्माकोल. मऊ पेज, चमच्याचमच्याने, प्रत्येक घासाआधी हनुवटी खाली. मी हे सगळं पुस्तकात शिकले होते. रोज, चार वर्षं, न कंटाळता करायचं म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं.

अकरा वाजता विमलाने दोरीचा कप त्याच्या पुढ्यात ठेवला. नंदूने दोन्ही हातांनी तो धरला आणि चहा प्यायला. एक थेंब सांडला नाही.

मी नवा फॉर्म काढला. यावेळी आईकडे बघितलं नाही, विमलाकडेही नाही. "नंदू, तू स्वतः पितोस का? काय लिहू?"

त्याने कप खाली ठेवला. विचार केला.

"आठला. नाय," तो म्हणाला. "अकराला. हो."

बारा वर्षं मी फॉर्म बनवतेय. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी 'हो' आणि 'नाही' या दोन्हींवर काट मारली आणि त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. पुढच्या एकोणीस प्रश्नांनाही तसंच केलं. कृष्णाबाई माझ्या पेनाकडे टक लावून बघत होती.

"चादर ओली हुती, ते लिवलंस?"

मी होकारार्थी मान डोलावली. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता.

 "मंग ते पन लिव. चादर मी रोज धुतंय."

रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, 'आई चादर रोज धुते', आणि खाली सही केली. त्या पानावर मला स्वतःचीही एक नोंद करायची होती, ती मी घरी जाऊन केली. पाण्याचा पेला कुणी, कसा लावला, ते नावानिशी.

शुक्रवारी समितीत आमच्या प्रकल्पप्रमुख गंधालीने तो कागद उलटसुलट करून बघितला. "नीलमताई, संगणक फक्त हो किंवा नाही घेतो." मी म्हटलं, मग संगणकालाही एक दिवस आठ वाजता वेसाव्याला पाठव. मी फार वाईट भांडले त्या दिवशी. शेवटी मी माझी नोंद वाचून दाखवली. नंदूचे चार तास राहिले, आणि विमलाची वेळ सातची झाली, म्हणजे कडीमागचा एक तास कमी झाला. उरलेल्या तेरा घरी मी पुन्हा गेले, आठच्या आधी, विचारून. नऊ घरांचे आकडे बदलावे लागले.

कृष्णाबाई माझ्याशी अजून धड बोलत नाही. तिचं बरोबर आहे. पण परवा मी सातला विमलाबरोबर गेले. कडी काढली, सांगितलं, आत गेलो. नंदू तसाच आखडून पडला होता, मुठी तशाच आवळलेल्या. फक्त त्याच्या केसांना तेल होतं आणि भांग सरळ पाडलेला होता. पहाटे साडेपाचला, अंधारात, बंदरावर जाण्याआधी.

विमला बांगड्या काढता काढता म्हणाली, "तेव्हापासून कृष्णाबाई रोज करते. कोण कधी येईल, सांगता येत नाय ना."